मुलींसाठी अभियांत्रिकीची उन्हाळी शिबिरे

मुलींसाठी अभियांत्रिकीची उन्हाळी शिबिरे : शालेय मुलींकडून सुटीत प्रत्यक्ष वस्तू बनवून घेत अभियांत्रिकीची ओळख करून देणारे अल्पमुदतीचे उपक्रम. मुदत आठवड्यापासून महिना-दीड महिन्यापर्यंत असते. परीक्षा वा गुण सहसा नसतात.

संशोधक डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४,८०७ मुलामुलींना शास्त्रज्ञाचे चित्र काढायला सांगितले होते. स्त्री काढली फक्त २८ जणांनी, आणि त्या सगळ्या मुलीच होत्या. मनातले हे चित्र व्याख्यानाने फारसे हलत नाही, म्हणून या शिबिरांत हातात अवजार देण्यावर भर असतो. मिश्र गटात स्क्रूड्रायव्हर मुलाकडे आणि वही मुलीकडे जाणे नेहमीचे. फक्त मुलींच्या गटात ही वाटणीच उरत नाही.

कामे साधी पण पुरती असतात : पुलाची प्रतिकृती बांधून ती मोडेपर्यंत वजन चढवणे, मोटार उघडून पुन्हा जोडणे, छोटा रोबोट चालवणे. सोल्डरिंगमध्ये, म्हणजे वितळलेल्या कथिलाने सर्किटचे भाग जोडताना, पहिली चूक जवळपास ठरलेली. कथिलाची तार तापलेल्या टोकावर वितळवून थेंब जोडावर टेकवला जातो. तो गोळा होऊन बसतो आणि दिवा लागत नाही. सर्किटवरची चकती आणि घटकाचा पाय दोन्ही आधी तापवून तार थेट जोडाला लावली की कथिल आपसूक पसरते. चांगली मार्गदर्शक इथे मुलीच्या हातातले अवजार काढून घेत नाही. ऐकायला सोपे, पाळायला अवघड.

अमेरिकेत एमआयटी (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) या संस्थेचा विमेन्स टेक्नॉलॉजी प्रोग्रॅम २००२ मध्ये सुरू झाला. चार आठवड्यांच्या या निवासी कार्यक्रमाने विषयाचा फारसा पूर्वानुभव नसलेल्या मुलींनाच निवडले, हे त्याचे वेगळेपण. गर्ल्स हू कोड या संस्थेने २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये २० मुलींसह सुरुवात केली. तिचा भर मात्र संगणक प्रोग्रॅमिंगवर आहे.

अभियांत्रिकीत लागणारी, वस्तू मनातल्या मनात फिरवून पाहण्याची क्षमता उपजतच असते, हा समज अभियांत्रिकीच्या प्राध्यापक शेरिल सॉर्बी यांच्या कामामुळे ढिला पडला. मिशिगन टेक विद्यापीठात त्यांनी १९९३ पासून चालवलेल्या वर्गांत कच्च्या विद्यार्थ्यांची ही क्षमता सरावाने वाढली. रेखाटने आणि ठोकळ्यांचे खेळ शिबिरात असण्यामागे हेही एक कारण आहे.

शिबिरांचा परिणाम मोजणे किचकट आहे. अर्ज करणाऱ्या मुलींना बहुधा आधीच थोडी ओढ असते, आणि शेवटच्या दिवशी भरून घेतलेल्या प्रश्नावलीत उत्साहच उमटतो. पुढे वर्षभर शाळेत कार्यशाळेचे दार बंदच असेल, तर तो किती टिकला हे त्या प्रश्नावलीवरून कळत नाही.