अनवाणी गाडी चालवली तर दंड? आणि ब्रेकवरून पाय सटकतो का?

नवरात्र जवळ आलं की आमच्या नाशिकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो, "अनवाणी कार चालवाल तर दंड बसेल, अपघात झाला तर इन्शुरन्स एक रुपया देणार नाही, सर्वांना पाठवा." नवरात्रातच का, तर इकडे नऊ दिवस पायात चप्पल न घालणारे लोक ओळखीत कोणीतरी असतातच, आणि त्यातले बरेचजण तसेच गाडी काढून कालिकेच्या दर्शनाला नाहीतर थेट वणीच्या गडावर जातात. मेसेज आला की निम्मे लोक घाबरतात आणि उरलेले निम्मे "मी वीस वर्षं अशीच चालवतो, उलट ग्रिप जास्त मिळते" म्हणून भांडायला येतात. मला त्या ग्रिपवाल्या भांडणात जास्त इंटरेस्ट आहे, पण आधी कायदा उरकून टाकू.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. कार चालवताना पायात काय हवं याबद्दल त्यात काहीही म्हटलेलं नाही. २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, १ सप्टेंबरपासून दंडाचे आकडे वाढले, तेव्हा अफवांना ऊत आला होता, चप्पल घातली तर दंड, लुंगी नेसली तर दंड, हाफ शर्ट घातला तरी दंड. शेवटी नितीन गडकरींच्या ऑफिसला ट्विट करून सांगावं लागलं की बाबांनो यातल्या कशालाच दंड नाही. हां, कलम १८४ आहे, लोकांना धोका होईल अशी गाडी चालवण्याबद्दलचं, त्यामुळे तुमचा पाय खरंच सटकला आणि कोणाला उडवलंत तर "मी अनवाणी होतो" हे काही बचावाचं कारण होणार नाही. इन्शुरन्सचं म्हणाल तर लायसन्स नसणं, दारू पिऊन चालवणं ही क्लेम नाकारायची नेहमीची कारणं, चप्पल त्या यादीत नसते. टॅक्सी, बसवाल्यांचे गणवेशाचे नियम वेगळे, ते इथे धरत नाही. अमेरिकेतही अनवाणी कार चालवायला बंदी नाही, आणि ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये एवढंच आहे की पायातल्या वस्तूमुळे पेडल वापरायला अडचण व्हायला नको.

आता ग्रिप. शाळेत घर्षणाचं काय शिकलो ते आठवा, घर्षण हे दाबणाऱ्या बलाच्या प्रमाणात वाढतं आणि किती क्षेत्रफळ टेकलंय याच्याशी त्याचा संबंध नसतो. आमोंताँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६९९ मध्ये हे मांडलं, त्याच्या दोनेकशे वर्षं आधी लिओनार्दो दा विंचीने वह्यांत तेच लिहून ठेवलं होतं. लाकूड, लोखंड, दगड यांना हा नियम बऱ्यापैकी लागू पडतो. पण माणसाची कातडी आणि रबर, म्हणजे नेमके तळपाय आणि पेडल, हे दोघंही तो नीट पाळत नाहीत, कारण दोघंही मऊ आहेत आणि मऊ वस्तूंमध्ये खरोखर चिकटून टेकलेलं क्षेत्रफळ किती यावर सगळा खेळ असतो.

कातडीचा सगळ्यात वरचा थर हा मेलेल्या पेशींचा असतो, केराटिन नावाच्या प्रथिनाने भरलेला. बाकी अंगावर हा थर मिलिमीटरच्या एक-दोन शतांश एवढाच, पण टाचेवर आणि तळव्यावर तो कित्येक पट जाड, टाचेला तर मिलिमीटरच्या आसपास जातो. कोरडा असताना हा थर कडक असतो, म्हणून पेडलवर तो फक्त उंचवट्या-उंचवट्यांवर टेकतो, मधे हवाच. थोडा ओलावा आला की केराटिन पाणी शोषतं, मऊ पडतं, रबराच्या खाचाखोचांत बसतं, खरं टेकलेलं क्षेत्रफळ वाढतं आणि घर्षण दुप्पट, कधी त्याहूनही जास्त होतं. बँकेतला कॅशियर नोटा मोजताना ओल्या स्पंजला बोट लावतो ना, तेच हे. पण ओलावा अजून वाढला की कातडी पुरेसं शोषून घेत नाही, मधे पाण्याचा पापुद्रा तयार होतो आणि घर्षण धाडकन खाली येतं. म्हणजे ओलावा विरुद्ध घर्षण असा आलेख काढला तर तो चढतो, माथा गाठतो आणि उतरतो. "अनवाणी ग्रिप चांगली" म्हणणारा आणि "अनवाणी पाय सटकतो" म्हणणारा, दोघंही बरोबर आहेत, फक्त ते आलेखाच्या वेगवेगळ्या बाजूंना उभे आहेत.

आता थोडं गणित, नको असेल त्याने पुढच्या पॅराला जावं. पेडल खाली जातं ते घर्षणाने नाही, तुम्ही सरळ दाबता त्या बलाने जातं. घर्षण लागतं ते तुमचा जोर पेडलच्या पृष्ठभागाला अगदी काटकोनात नसतो म्हणून, आणि तो कधीच नसतो, कारण टाच खाली टेकलेली, पंजा गोल फिरतोय आणि पेडल स्वतःच्या बिजागरीवर वेगळंच फिरतंय. जोराची दिशा काटकोनापासून जेवढी कलते त्या कोनाचा टॅन्जंट घर्षण गुणांकापेक्षा (म्हणजे घर्षण भागिले दाबणारं बल) मोठा झाला की पाय सटकलाच, मग कितीही जोर लावा. गुणांक समजा ०.५ असेल तर साधारण २७ अंशांपर्यंत कललेलं चालतं, तोच ०.२ वर आला तर फक्त ११ अंश. आणि गंमत म्हणजे मऊ वस्तूंचा गुणांक जोर वाढला की घटतो, हर्ट्झच्या सूत्राप्रमाणे (गोलसर वस्तू दाबली की किती क्षेत्रफळ टेकतं ते सांगणारं) आठपट दाबलं तर घर्षण चौपटच वाढतं, म्हणजे पॅनिक ब्रेक मारताना, जेव्हा सगळ्यात जास्त गरज, तेव्हाच सटकायचा कोन कमी झालेला असतो.

घाबरल्यावर तळपायाला घाम सुटतो त्याचं काय? तळहात आणि तळपाय इथे तेलाच्या ग्रंथी नसतात, फक्त घामाच्या, त्याही दाटीवाटीने, आणि त्या उन्हापेक्षा भीतीला जास्त दाद देतात. थोडासा घाम ग्रिप वाढवतो हे वर आलंच. पण घाबरल्यापासून हा घाम पृष्ठभागावर यायला एक ते तीन सेकंद लागतात, आणि ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. म्हणजे तुमचा ब्रेक दाबून झालेला असतो, घाम मागून येतो.

खरा प्रॉब्लेम आहे तो ओल्या पायाचा. रामकुंडावर डुबकी मारून तसंच येऊन सीटवर बसायचं, किंवा पावसात त्र्यंबकला चिखल तुडवून यायचं आणि गाडी सुरू करायची, ही आलेखाची उतरती बाजू. २०२७ च्या सिंहस्थाला येणाऱ्यांनी गाडीत एक जुना टॉवेल टाकून ठेवावा. पेडलच्या रबरावर रेघा असतात त्या पाणी निघून जायलाच, पण जुन्या गाड्यांत त्या झिजून गुळगुळीत झालेल्या असतात आणि कोणी बघतही नाही. त्याहून वाईट म्हणजे हौसेने लावलेली ती चकचकीत अॅल्युमिनियमची रेसिंग पेडलं. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत त्यावर उघडा पाय ठेवून बघा.

"बूट नसेल तर जोर कमी पडतो" यात मात्र दम नाही. ब्रेकच्या आंतरराष्ट्रीय नियमात चाचणीच्या वेळी पेडलवर जास्तीत जास्त ५०० न्यूटन बल धरलेलं आहे, म्हणजे साधारण ५१ किलोचं वजन. साठ किलोचा माणूस एका अनवाणी पायावर उभा राहतो तेव्हा तळव्यावर याहून जास्त पडतं. फक्त पंज्याच्या मांसल भागाने दाबा, बोटांनी नाही. आणि वणीच्या गडावरून नांदुरीच्या घाटात उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणारे महाभाग असतील तर त्यांच्या ब्रेकचा बूस्टर, म्हणजे इंजिनच्या मदतीने पायाचा जोर वाढवणारा भाग, दोन-तीन दाबांत संपतो, मग पेडल दगडासारखं होतं, पायात काहीही असो.

मधे एकाने ग्रुपवर टाकलं की अनवाणी चालवल्याने अर्थिंग होतं आणि शरीरातली निगेटिव्ह एनर्जी गाडीवाटे जमिनीत जाते. अहो, पायाखाली रबर मॅट, त्याखाली कार्पेट, कसलं अर्थिंग? चाकाखाली लिंबू ठेवण्याचीच ही इंग्रजी आवृत्ती, फक्त हिचे व्हिडिओ जास्त चालतात.

माझ्या मते कोरड्या, स्वच्छ अनवाणी पायापेक्षा मागे पट्टा नसलेली चप्पल कितीतरी जास्त धोक्याची, कारण अॅक्सिलरेटरवरून ब्रेकवर जाताना ती पेडलच्या कडेला अडकते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती चप्पल काढून ड्रायव्हरच्या पायाशीच ठेवणं. उतारावर ती सरकत पुढे जाते, ब्रेक पेडलखाली जाऊन बसते आणि पेडल अर्ध्यातच अडतं. पाण्याच्या बाटलीचंही तेच. चप्पल मागच्या सीटच्या खाली टाका, नाहीतर डिकीत.

हे सगळं कारपुरतं. दुचाकीवर गियर बोटांच्या वरच्या बाजूने उचलावा लागतो, सिग्नलला पाय डांबरावर टेकतो आणि शेजारी तापलेला सायलेन्सर असतो, तिथे नवस असला तरी मागे बसून जावं.