ग्लो प्लग : तपासणी आणि बदल

ग्लो प्लग म्हणजे डिझेल इंजिनाच्या हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या झाकणात) बसवलेला, विजेवर तापणारा बारीक प्लग. प्रत्येक सिलिंडरला एक असतो. गॅरेजमध्ये त्याला 'हीटर प्लग' किंवा नुसते 'हीटर' म्हणतात. पेट्रोल गाडीच्या स्पार्क प्लगासारखी ठिणगी तो टाकत नाही. डिझेल पेटते ते दाबाने तापलेल्या हवेमुळे. इंजिन थंड असताना ही उष्णता हेड, पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंती शोषून घेतात, हवा पुरेशी तापत नाही आणि फवारलेले डिझेल न जळता पांढरा धूर होऊन बाहेर पडते. ती कमतरता प्लगचे लालबुंद टोक भरून काढते.

नागपुरात या प्लगचा बिघाड बराच काळ लपून राहतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा चारही प्लग जळालेले असले तरी कॉमन रेल (सामायिक नळीतून मोठ्या दाबाने डिझेल फवारणारी) गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते आणि कोणाला पत्ता लागत नाही. पुढे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान १२-१३ अंशांवर येते, कधी त्याच्याही बरेच खाली जाते (२९ डिसेंबर २०१८ रोजी शहरात ३.५ अंशांची नोंद झाली), आणि मग गाडी अडते. चिखलदरा किंवा पचमढीला रात्रभर उघड्यावर उभी केलेली गाडी अडण्याची शक्यता तर आणखी जास्त. म्हणून तपासणी दिवाळीच्या आसपास, थंडी पडण्याआधी करावी. थंडीत अडलेल्या गाडीचा दोष बहुधा बॅटरीवर ढकलला जातो. नागपूरच्या उन्हाळ्याने बॅटऱ्याही लवकर मरतात, त्यामुळे तो तर्क निराधार नसतो. पण सेल्फ जोमाने फिरत असेल आणि तरी इंजिन पकडत नसेल, तर बॅटरी बदलून उपयोग नाही.

इंजिन कोणते आहे यावरही बरेच ठरते. १९९८ साली आलेल्या टाटा इंडिकाच्या १.४ लिटर डिझेल इंजिनासारख्या जुन्या रचनेत डिझेल आधी एका छोट्या पूर्वकक्षात फवारले जाते. त्या कक्षाच्या भिंती उष्णता फार खातात. त्यामुळे अशा इंजिनात एक प्लग गेला तरी साध्या गारव्यातही एक सिलिंडर मिसिंग करतो, म्हणजे नीट पेटत नाही. स्विफ्टमधल्या १.३ लिटर इंजिनासारख्या थेट फवारणीच्या कॉमन रेल इंजिनांना नागपूरच्या हवेत प्लगची गरज कमी पडते. मात्र तिथे प्लग इंजिन सुरू झाल्यावरही काही वेळ, तीन मिनिटांपर्यंत, तापत राहतो आणि धूर व खडखड कमी करतो. धुराची गाळणी असलेल्या गाड्यांत त्याच्याकडे दुर्लक्ष केल्यास कच्च्या डिझेलाची काजळी थेट गाळणीत साचते.

रचना आणि व्होल्टेज

धातूच्या प्लगमध्ये उष्णतारोधी मिश्रधातूची बंद नळी असते. तिच्यात मॅग्नेशियम ऑक्साईडची भुकटी ठासून भरलेली असते आणि त्या भुकटीत दोन वेटोळी असतात: टोकाचे तापवणारे, त्यामागचे प्रवाहावर लगाम ठेवणारे. टोक साधारण ८५० ते १,००० अंशांपर्यंत जाते. सिरॅमिक प्लग १,३०० अंशांच्या आसपास पोहोचतो, पण तो काचेसारखा ठिसूळ असतो. हातातून जमिनीवर पडलेला सिरॅमिक प्लग वरून धड दिसला तरी वापरू नये. न दिसणारी चीर गेलेले टोक तुटून सिलिंडरमध्ये पडते.

नवा प्लग घेताना अंगावर कोरलेले व्होल्टेज वाचणे सर्वांत महत्त्वाचे. जुने प्लग ११-१२ व्होल्टचे असतात आणि रिलेवर (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचवर) चालतात. नव्या गाड्यांत ४.४, ५ किंवा ७ व्होल्टचेही प्लग येतात आणि त्यांना वेगळे नियंत्रक मॉड्यूल तुकड्यातुकड्याने वीज पुरवते. आटे सारखे असल्याने एकाच्या जागी दुसरा बसतो, पण टिकत नाही.

तपासणी

डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा पिवळा दिवा प्लग चांगले असल्याचा पुरावा नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो निव्वळ टायमरवर लागतो आणि विझतो.

आधी वीज पोहोचते का ते पाहावे. इंजिन पूर्ण थंड असताना चावी फिरवून प्लगांना जोडणाऱ्या पट्टीवर मल्टिमीटर लावला, की रिलेच्या गाडीत जवळपास बॅटरीइतके व्होल्टेज दिसायला हवे. काहीच दिसले नाही तर प्लगांना हात लावण्याआधी मोठा फ्यूज आणि रिले तपासावा. मॉड्यूलच्या गाडीत हे वाचन फसवे असते, शिवाय इंजिन कोमट असेल तर मॉड्यूल वीज देतच नाही. अशा गाडीत दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावावा. पी-०६७१ ते पी-०६७४ हे कोड अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरच्या प्लगकडे बोट दाखवतात.

नंतर रोध (रेझिस्टन्स) मोजावा, आणि पट्टी काढल्याशिवाय मोजू नये. ही चूक फार होते. चार प्लग पट्टीने समांतर जोडलेले असतात. प्रत्येकी ०.८ ओहम धरला तर चौघांचा मिळून ०.२ ओहम येतो आणि एक मेलेला असेल तर सुमारे ०.२७. हा फरक साध्या मीटरला कळत नाही. पट्टी काढून मीटरची एक सुई प्लगच्या तार जोडायच्या टोकावर, दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर ठेवावी. त्याआधी दोन्ही सुया एकमेकींना टेकवून तारांचा रोध पाहावा आणि तो वजा करावा. १२ व्होल्टचा चांगला थंड प्लग ०.५ ते २ ओहमच्या दरम्यान असतो, कमी व्होल्टचा त्याहून कमी. मीटर अनंत दाखवत असेल तर वेटोळे तुटलेले आहे. मीटर नसेल तर १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प बॅटरीच्या धन टोकापासून प्लगच्या त्याच टोकाला लावावा. बल्ब लागला नाही तर प्लग मेला. लागला तर वेटोळे सलग आहे इतकेच कळते, ते नीट तापते का हे कळत नाही.

त्याचे उत्तर तारेभोवती चिमट्यासारखा लावायचा क्लॅम्प मीटर देतो. तो डीसी प्रवाह मोजणारा हवा, फक्त एसीचा असेल तर शून्यच दाखवेल. १२ व्होल्टचा प्लग सुरुवातीला जास्त प्रवाह ओढतो आणि काही सेकंदांत साधारण निम्म्यावर स्थिरावतो. ज्याच्या तारेवरचा आकडा इतरांपेक्षा कमी असेल तो प्लग म्हातारा झाला.

काढलेला १२ व्होल्टचा प्लग शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडून थेट बॅटरीवर तपासता येतो. तो टोकाकडून लाल व्हायला हवा. मध्येच किंवा बुडाशी लाल होणारा टाकावा. ५ किंवा ७ व्होल्टच्या प्लगला अशी बॅटरी कधीही लावू नये, तो फुटतो.

काढणे आणि बसवणे

खरा धोका काढताना असतो. अल्युमिनियमच्या हेडमध्ये वर्षानुवर्षे बसलेला प्लग गंज आणि कार्बनने चिकटतो, आणि जोर लावला की मधूनच तुटतो. मग ड्रिल करून उरलेला तुकडा काढावा लागतो, नाहीतर हेडच उतरवावे लागते. म्हणून आदल्या रात्री आट्यांच्या बुडाशी गंज सोडवणारे तेल सोडावे, सकाळी इंजिन पूर्ण गरम करावे आणि गरम असतानाच खोल गोटीने (लांब सॉकेटने) काढावे. बॅटरीची ऋण तार आधी काढावी आणि प्लगभोवतीची धूळ हवेने उडवावी. काढतानाही टॉर्क पाना (पिळाचा जोर मोजणारा पाना) वापरणे शहाणपणाचे: ८ मिलिमीटर आट्यांसाठी सुमारे २० न्यूटन-मीटर, १० मिलिमीटरसाठी ३५, १२ मिलिमीटरसाठी ४५. तेवढ्यावर हलला नाही तर थांबावे, पुन्हा तेल सोडावे, इंजिन पुन्हा तापवावे. हलायला लागल्यावर थोडा सैल, थोडा घट्ट असे मागेपुढे करत काढावे.

भोकातला कार्बन योग्य मापाच्या रीमरने (भोक आतून खरवडणाऱ्या हत्याराने) काढावा. रीमरच्या खाचांत ग्रीस भरले की कोळसा तिथेच चिकटतो, सिलिंडरमध्ये पडत नाही. ही पायरी गाळली तर नव्या प्लगचे टोक कार्बनला घासते आणि तो लवकर जातो. नवा प्लग आधी बोटांनीच फिरवावा. नंतरचा टॉर्क गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे द्यावा. साधारणपणे तो ८ मिलिमीटरला १० न्यूटन-मीटर, १० मिलिमीटरला १५, १२ मिलिमीटरला २२ इतकाच असतो. तार जोडायच्या टोकावरची नट तर जेमतेम २ न्यूटन-मीटर मागते.

एकच प्लग मेला असला आणि बाकीचे त्याच वयाचे असले, तर चारही एकदम बदलणे बरे. इंजिन तापवण्याची आणि आटे सुटण्याची जोखीम पुन्हा पुन्हा घेण्यात अर्थ नाही.

प्लग का जातात

वय हे एक कारण. दुसरे म्हणजे अडकलेला रिले: वीज बंदच होत नाही, टोक फुगते आणि फुगलेला प्लग भोकातून बाहेर येत नाही. बंद पडलेल्या कारला ट्रकवरून जंप देतानाही प्लग जळतात. ट्रकची व्यवस्था २४ व्होल्टची असते, म्हणून जंप घ्यायचाच तर त्याच्या दोनपैकी एकाच बॅटरीवरून घ्यावा. तापलेला प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारू नये. तो हवेच्या नळीतच भडकू शकतो.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवावेत. चौघांपैकी एकाचेच टोक वितळलेले किंवा खाल्लेले दिसले, तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) गळतो आहे किंवा फवारा एकीकडे मारतो आहे. तो दुरुस्त केल्याशिवाय तिथे बसवलेला नवा प्लगही तसाच जळेल.