तयार कपडे उद्योगातील स्त्री-कामगार, बांगलादेश

बांगलादेशाच्या निर्यात-उत्पन्नात तयार कपड्यांचा वाटा चार-पंचमांशाहून अधिक असून, सुमारे ४० लाख कामगारांच्या या उद्योगात स्त्रियांची संख्या सुरुवातीपासून मोठी राहिली आहे. चितगावच्या ‘देश गार्मेंट्स’ने १९७० च्या दशकाअखेरीस दक्षिण कोरियातील देवू कंपनीकडे सुमारे १३० जणांना शिकायला पाठवले, त्यांत काही स्त्रियाही होत्या. पडदा पाळणे म्हणजे उंबऱ्याच्या आत राहणे, हा ग्रामीण मुस्लिम समाजातील संकेत गरिबीच्या रेट्यापुढे सैल झाला आणि भूमिहीन घरांतील मुली ढाक्याच्या वाटेला लागल्या. मालकांनाही त्या हव्याच होत्या, कारण त्या कमी मजुरीत राबतील आणि संघटना बांधणार नाहीत असा त्यांचा होरा होता.

नवी मुलगी ‘हेल्पर’ म्हणून लागते. शिवून झालेल्या शर्टाचे लोंबते दोरे कातरणे आणि पुढच्या मशीनकडे कापड सरकवणे हे तिचे काम. हात बसला की ती ‘ऑपरेटर’ होते आणि बहुतेकींची बढती तिथेच थांबते. तासातासाला नगांचा हिशेब मागणारा सुपरवायझर व त्याच्यावरचा लाइनचीफ हे बहुधा पुरुषच असतात. त्यामुळे शिवीगाळ किंवा लगट झाली तरी तक्रार त्यांच्याकडेच न्यावी लागते. बांगलादेशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या उच्च न्यायालय विभागाने २००९ मध्ये, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या भारतातील विशाखा निकालाच्या धर्तीवर, प्रत्येक कामाच्या ठिकाणी स्त्रियांचे बहुमत असलेली किमान पाच जणांची तक्रार समिती नेमण्याचा आदेश दिला. अनेक कारखान्यांत ती कागदावरच राहिली.

२००६ च्या श्रम कायद्याने १६ आठवड्यांची प्रसूती रजा ठरवली आणि ४० किंवा अधिक स्त्रिया असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केले. तरीही असंख्य कामकरी आयांची तान्ही मुले गावी आजीकडेच वाढतात. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत स्त्रीच्या संमतीशिवाय काम देता येत नाही, पण नोकरी जाण्याच्या धास्तीने दिलेल्या होकाराला संमती म्हणणे कठीण आहे.

स्त्री-कामगारांच्या या हालांचे सारे खापर धर्मावर फोडणे अन्यायाचे ठरेल. २३ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर येथील राणा प्लाझा इमारतीला तडे दिसल्यावर खालची बँक बंद झाली. वरच्या मजल्यांवरील शिलाई-कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले. इमारत कोसळून १,१३४ जण मृत्युमुखी पडले आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्यांना आत जायला भाग पाडले ते पगार बुडण्याच्या भीतीने आणि परदेशी ग्राहक-कंपन्यांच्या मुदतींनी.

अलीकडे स्त्रियांचे प्रमाण घटत आहे. एके काळी ते ८० टक्क्यांच्या आसपास सांगितले जाई. नंतरच्या पाहण्यांत ते ६० टक्क्यांच्या जवळ उतरलेले दिसते. अद्ययावत यंत्रे आली तसे ती चालवण्याचे प्रशिक्षण प्रामुख्याने पुरुषांना मिळाले, आणि तिशी ओलांडलेल्या अनेक ऑपरेटर मुले, घरकाम व दहा-बारा तासांची पाळी यांचा मेळ न बसल्याने काम सोडून गेल्या.