किमयावैद्यक व ज्योतिष, प्रबोधनकालीन

यूरोपीय वैद्यकातील, ग्रहगती व किमया (हलक्या धातूंचे सोने करू पाहणारी जुनी रसविद्या) यांवर आधारलेली निदान आणि औषधयोजनेची पद्धती. काळ स्थूलमानाने पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत. ज्योतिष व किमया या दोहोंचा उल्लेख जोडीने होत असला, तरी त्यांची प्रतिष्ठा सारखी नव्हती. ज्योतिष विद्यापीठांत शिकवले जाई. किमयेला तेथे सहजी प्रवेश मिळाला नाही.

मेष डोक्यावर, मिथुन बाहूंवर, मीन पावलांवर अशी राशींची वाटणी असे. चंद्र ज्या राशीत असेल त्या अवयवाला शस्त्र लावणे वर्ज्य. म्हणून मिथुनेच्या चंद्रात दंडाची शीर उघडत नसत. रक्तमोक्षण (शीर उघडून रक्त काढणे) व रेचकाचे दिवस सांगणारे १४५७ सालचे छापील पंचांग जर्मनीतील माइन्त्स येथे निघाले. इटालियन तत्त्वज्ञ मार्सिल्यो फिचिनोचा ग्रंथ (१४८९) विद्वानांना शनीच्या प्रभावापासून जपण्याचे उपाय सांगतो. इटालियन तत्त्वज्ञ पीको देल्ला मिरांदोला याने फलज्योतिषावर केलेली टीका १४९६ मध्ये प्रसिद्ध झाली. वैद्यांच्या व्यवहारावर तिचा फारसा परिणाम झालेला दिसत नाही.

किमयेला औषधनिर्मितीकडे वळवण्याचे श्रेय सामान्यतः स्विस वैद्य पॅरासेल्सस (१४९३ किंवा १४९४–१५४१) याला देतात. तत्त्वज्ञान, ज्योतिष, किमया व सदाचार हे त्याच्या मते वैद्यकाचे चार आधारस्तंभ. घटकतत्त्वे म्हणून पारा व गंधक ही जोडी अरबी किमयागारांची. तिसरे तत्त्व मीठ त्याने जोडले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. येथे बाझील व्हालेंटीनचा प्रश्न उपस्थित होतो. त्याच्या नावावरील लेखनातही हीच तीन तत्त्वे आढळतात, आणि परंपरा त्याला पंधराव्या शतकातील बेनेडिक्टाइन साधू ठरवते. हे खरे असेल तर पॅरासेल्सस ऋणको ठरतो. परंतु हे लेखन १५९९ पूर्वी छापलेले मिळत नाही, आणि त्यात पंधराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात यूरोपात पसरलेल्या ‘फ्रेंच रोगा’चा, म्हणजे उपदंशाचा, उल्लेख येतो. त्यामुळे ते पॅरासेल्ससनंतरचे, कदाचित प्रकाशक योहान थोल्डे याच्याच लेखणीतून उतरलेले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अरबी परंपरेतील किमयागार जाबिरच्या नावावरील ग्रंथांचा काळही असाच वादग्रस्त असून तो आठव्या ते दहाव्या शतकापर्यंत मागेपुढे केला जातो.

व्हालेंटीनच्या नावावरील, अँटिमनी या विषारी धातूवरचा ग्रंथ (१६०४) विशेष गाजला. अँटिमनीच्या पेल्यात रात्रभर ठेवलेली वाइन सकाळी पाजत. उलट्या व जुलाब होत. याच धातूची गोळी पोटातून बाहेर पडल्यावर धुऊन पुन्हा वापरत. पॅरिसमध्ये १५६६ साली अँटिमनीच्या औषधी वापरावर बंदी आली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई १६५८ मध्ये कॅले येथे तापाने आजारी असता त्याला अँटिमनीचे वांतिकारक देण्यात आले व तो बरा झाला. बंदी १६६६ मध्ये उठली. लंडनच्या औषधकोशात रासायनिक औषधांना त्याआधीच, १६१८ मध्ये, स्थान मिळाले होते.

भारतीय रसशास्त्रातही (आयुर्वेदातील धातू व खनिजांच्या औषधांचे शास्त्र) पारा व गंधक प्रधान आहेत. मात्र तेवढ्या साम्यावरून संबंध जोडणे धाडसाचे होईल.