गीतरत्नातल्या साठ राण्या: एका वादाची पार्श्वभूमी

बायबलमधल्या बहुपत्नीत्वाची चर्चा निघाली की गीतरत्नाच्या, म्हणजे बायबलमधल्या शलमोन राजाच्या नावावरच्या प्रेमकाव्याच्या, सहाव्या अध्यायातल्या दोन ओळी हमखास पुढे येतात. साठ राण्या आहेत, ऐंशी उपपत्नी आहेत, कुमारींची तर गणतीच नाही. पण माझी कपोती एकच, असे तिथे म्हटले आहे. जनानखान्याचा धनी आपली लाडकी निवडतो आहे, की साधा माणूस राजाच्या जनानखान्याकडे पाहून 'मला ही एकच' म्हणतो आहे? मूळ काव्यात बोलणाऱ्याचे नाव कुठेच घातलेले नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना वाव मिळतो.

शलमोनाच्या ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी होत्या, असे बायबलमधल्याच पहिले राजे या पुस्तकात आहे. साठ-ऐंशी हा त्याच जनानखान्याचा सुरुवातीचा आकडा, असे काही जुने टीकाकार मानत. हे पटण्यासारखे नाही. 'तीन, नव्हे चार' अशी संख्या चढवत नेण्याची हिब्रू काव्याची रीतच आहे. आमोस या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात ती ओळीने येते. इथेही आधी तीन विसा, मग चार विसा, मग अगणित. ही कवितेतली चढण आहे, तिला खानेसुमारी समजू नये. त्यातून भाषेवरून पाहता आज बरेच अभ्यासक ही रचना शलमोनानंतर कित्येक शतकांची मानतात.

प्राचीन यहुदी समाजात सवत ही खरी गोष्ट होती. नाईल नदीतल्या एका बेटावरच्या यहुदी वसाहतीत इ. स. पू. पाचव्या शतकातला विवाहकरार सापडला आहे. ही बायको असताना नवऱ्याने दुसरी करू नये, असे त्यात कलम आहे. कलम घालावे लागले, यातच काय ते आले. मृत समुद्राजवळच्या एका गुहेत १९६१ साली एका यहुदी विधवेची कागदपत्रे चामड्याच्या पिशवीत मिळाली. इ. स. १३१ च्या सुमारास नवऱ्याच्या मालमत्तेवरून तिचे सवतीशी भांडण चालले होते. ही बाई राजघराण्यातली नव्हती. त्याच समुद्राकाठच्या एका यहुदी पंथाने मात्र नोहाच्या तारवात जोडीजोडीने शिरलेल्या प्राण्यांचा दाखला देऊन दोन बायका करणे निषिद्ध ठरवले होते.

धर्मपंडितांनी गीतरत्न रूपक म्हणून वाचले. यहुदी परंपरेत साठ राण्या म्हणजे धर्मशास्त्राचे साठ ग्रंथ झाले, ख्रिस्ती परंपरेत आत्म्यांच्या पायऱ्या. बाराव्या शतकातल्या एका मठाधिपतीची या काव्यावर ८६ प्रवचने आहेत आणि ती तिसऱ्या अध्यायाच्या आरंभापर्यंतच पोहोचतात. इतक्या भक्तीत खऱ्या बायकांचा प्रश्न कुणाला पडणार? इ. स. १००० च्या आसपास जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठच्या एका रब्बीच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूच्या, नावाने युरोपातल्या बऱ्याच यहुद्यांत दुसऱ्या बायकोवर बंदी आली. येमेनसारख्या ठिकाणी ती लागू झाली नाही.

वादाला खरे तोंड फुटले ते जर्मनीत. १७७१ साली आणि पुढे १८२६ साली तिथल्या अभ्यासकांनी काव्यात तिसरे पात्र पाहिले: राजा, खेड्यातली मुलगी आणि तिचा मेंढपाळ. राजा तिला महालात आणतो, ती मेंढपाळाशी एकनिष्ठ राहते. मग साठ राण्यांची ओळ म्हणजे राजाची खुशामत ठरते आणि सगळे काव्य एकपत्नीत्वाचे स्तोत्र होते. एकोणिसाव्या शतकाला हे वाचन फार आवडले. पण त्यासाठी एकाच सुरातल्या ओळी तोडून दोन पुरुषांत वाटाव्या लागतात, आणि कोणती कुणाची यावर त्या पक्षातही एकमत नाही. दमास्कसला राहिलेल्या एका प्रशियन वाणिज्यदूताने १८७३ साली सीरियातल्या लग्नांचे वर्णन छापले: नवरानवरीला सात दिवस राजाराणी मानतात, मळणीच्या फळीचे सिंहासन करतात. गीतरत्नातला राजा म्हणजे असाच नवरदेव, असा नवा पक्ष त्यातून उभा राहिला.

मेंढपाळ बाजूला ठेवला तरी आठव्या अध्यायातला द्राक्षमळा उरतोच. शलमोनाचा मळा राखणदारांकडे आहे, प्रत्येकाने फळाबद्दल हजार रुपये आणायचे. हजार म्हणजे ७०० अधिक ३००. हा योगायोग वाटत नाही. त्यावर उत्तर येते: माझा मळा माझ्यासमोर आहे, ते हजार, शलमोना, तुलाच असोत. हे तिचे बोल की त्याचे, यावरही वाद आहे. पण जनानखान्याविषयी या काव्याचे मत शोधायचे तर ते इथे शोधावे, सहाव्या अध्यायातल्या आकड्यांत नव्हे.

आफ्रिकेत अनेक बायका असलेले पुरुष ख्रिस्ती होऊ लागले, तसा बहुपत्नीत्वाचा हा प्रश्न संसारांवर येऊन पडला. दक्षिण आफ्रिकेतल्या नातालच्या एका अँग्लिकन बिशपाने १८५० च्या दशकातच म्हटले होते की धर्मांतर करणाऱ्याला आधीच्या बायका टाकायला लावू नये. त्यात त्या बायकांवरच अन्याय होतो. लंडनला भरलेल्या अँग्लिकन बिशपांच्या परिषदेने १८८८ साली उलटे ठरवले: अशा पुरुषाला बाप्तिस्मा नाही, त्याच्या बायकांना काही ठिकाणी चालेल. शंभर वर्षांनी, १९८८ साली, त्याच परिषदेने हे बदलले. आता त्याला बायकामुलांसह बाप्तिस्मा मिळू शकतो. स्थानिक मंडळीची संमती हवी, आणि आहेत त्या बायकांपैकी एकही हयात असेतो नवे लग्न न करण्याचे वचन द्यायचे. बायका टाकण्याची सक्ती मात्र करायची नाही, कारण टाकलेल्या बाईला समाजात थारा राहत नाही.