संशय मनात आला की प्रार्थना ऐकली जात नाही, हे खरे आहे काय?

आजार बरा झाला नाही की ‘तुमच्या मनात संशय होता, म्हणून देवाने ऐकले नाही’ असे सांगण्याची पद्धत अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत रूढ आहे आणि त्यासाठी बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्रातील 1:6 (अध्याय 1, वचन 6) या वचनाचा आधार दिला जातो. तेथे संशय न धरता मागावे असे म्हटले आहे खरे, परंतु विषय परीक्षेच्या काळात ज्ञान मागण्याचा आहे, आणि लगतच्याच वचनात देव दोष न लावता सर्वांना उदारपणे देतो असे स्पष्ट लिहिले आहे.

मार्कच्या शुभवर्तमानात 9:24 मध्ये आजारी मुलाचा बाप आपल्या विश्वासाची कबुली देताना त्याच श्वासात आपल्या अविश्वासासाठीही साहाय्य मागतो. येशू त्याला परत पाठवत नाही. मुलगा बरा होतो. पुनरुत्थित प्रभूला, म्हणजे मरणातून उठलेल्या येशूला, पाहूनही काहींना संशय वाटला, असे मत्तय 28:17 सांगते. तरी पुढील महान आज्ञेतून (सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा, या येशूच्या आज्ञेतून) त्यांना वगळल्याचा उल्लेख नाही.

विश्वास संशयाहून श्रेष्ठ आहेच, आणि पाहिल्याशिवाय पुनरुत्थानावर विश्वास न ठेवणाऱ्या थोमा या शिष्याला ‘विश्वास ठेवणारा हो’ असे प्रभूने सांगितलेही. मात्र आधी त्याच्यापुढे खिळ्यांच्या खुणा असलेले आपले हात केले. दुःखितावर अविश्वासाचा आरोप ठेवणे हा केवळ चुकीचा अर्थ नसून, माझ्या मते, क्रौर्य आहे. प्रेषित पौलाच्या शरीरातील ‘काटा’, म्हणजे त्याला छळणारी पीडा, तीनदा विनंती करूनही निघाला नाही, आणि त्याला मिळालेल्या उत्तरात संशयाचा दोष नव्हता, कृपेचे आश्वासन होते.