अंतर तेच, वेळ मात्र वेगळी

लंडन ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे 5,540 किलोमीटर. जाताना तेवढंच, येताना तेवढंच. तरी न्यूयॉर्कला जायला साधारण आठ तास लागतात आणि परतीला सात. हा तासाचा फरक कुठून आला?

आधी अंतराचं पाहू. ते गणित खलाशांकडून आलेलं आहे. गोल पृथ्वीवर सर्वांत जवळची वाट बृहद्वृत्तावरून, म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन अर्धे करणाऱ्या वर्तुळावरून जाते. सपाट नकाशावर तीच वाट कमानीसारखी वाकलेली दिसते, कारण 1569 सालचा मर्केटरचा नकाशा दिशा सांभाळतो, अंतर नाही. 1927 साली न्यूयॉर्कहून पॅरिसला एकट्याने निघालेल्या अमेरिकी वैमानिक लिंडबर्गने बृहद्वृत्तच निवडलं. मार्गाचे शंभर-शंभर मैलांचे तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्याला दिशा किंचित बदलत तो साडेतेहेतीस तासांत पोचला. वैमानिक वापरतात तो नॉटिकल मैलही समुद्रावरचाच. 1929 साली तो 1,852 मीटर ठरला.

वेळेवर मात्र वाऱ्याची सत्ता आहे, आणि त्या शोधाची कहाणी मला फार हळहळ लावते. 1920च्या दशकात जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून उंचावरचे वारे मोजले आणि पश्चिमेकडून पूर्वेला जाणारा प्रचंड वेगवान प्रवाह नोंदवला. जगभर वाचला जावा म्हणून त्यांनी 1926चा अहवाल एस्पेरान्तो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत लिहिला. नेमका म्हणूनच तो फारसा कुणी वाचला नाही. 1944च्या अखेरीस टोकियोवर उंचावरून उडणाऱ्या अमेरिकी बी-29 बॉम्बफेकी विमानांना त्याच वाऱ्याने अक्षरशः ढकललं, तेव्हा जगाचे डोळे उघडले. आज आपण त्याला जेट स्ट्रीम म्हणतो. लंडनहून निघालेलं विमान त्याला टाळत जातं, परतीचं त्याच्यावर स्वार होतं.

सरहद्दींनीही वाटा वाकवल्या. सोव्हिएत संघाची हवाई हद्द बंद होती, त्या काळात युरोपहून टोकियोला जाणारी कित्येक विमानं उत्तर ध्रुवाजवळून जाऊन अलास्कातल्या अँकरेजला इंधन भरत. पुढे सायबेरियाची वाट खुली झाली आणि प्रवास बराच आटोपशीर झाला. 2022 साली रशियाची हद्द युरोपीय कंपन्यांना पुन्हा बंद झाली. हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास होता, तो तेरा तासांवर गेला. दोन्ही विमानतळ होते तिथेच आहेत.

तिकिटावरच्या वेळेत आणखी एक भर असते. ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची, म्हणजे ब्लॉक टाइम. धावपट्टीकडे रांगेत सरकणंही तीत आलं. 1987 पासून अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना वेळेवर पोचण्याचे आकडे सरकारकडे द्यावे लागतात, आणि वेळापत्रकात थोडी जास्तीची मिनिटं राखून ठेवण्याकडे कल वाढला. त्यामुळे अंतराला वेगाने भागून काढलेले तास आणि तिकिटावरचे तास सहसा जुळत नाहीत.